पाटलांना वचनातून मोकळं केलं, त्याविषयी

मामा, तुमची सून लिहिते आहे.

आज सकाळच्या नांदेड गाडीनं कंडक्टरच्या हाती तुमच्या नातीची पिशवी आली. तीत निघालं ते असं. तुमच्या लेकासाठी चपलांचा जोड, साडेबारा रुपये. माझ्यासाठी पांढरं सुती पातळ, पौर्णिमेला विहारात नेसून जायला, एकतीस रुपये. मेणबत्त्यांचा पुडा, दीड रुपया. हाच इथे लातूरला सव्वा रुपयात मिळतो, पण पोरीला भाव करता येत नाही, ते तुमच्यावर गेलं आहे. कंडक्टरला आठ आणे देऊ केले तर घेईना. म्हणाला, "तुमच्या डॉक्टरीणबाईला सांगा, शिकून झालं की आधी माझी कंबर बघायची." आणि अगदी तळाशी, फडक्यात गुंडाळलेला तुमचा जर्मलचा पेला. त्याच्यापुढे मी हिशेबात काही लिहिलं नाही. तो तुम्ही उदगीरच्या बाजारातून आणला होतात आणि कितीला आणला ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

तुमची नात नांदेडला आयुर्वेदाची डॉक्टरकी शिकते आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीची पाटी घेऊन हिंडत होती. आता तिला सरकारची स्कॉलरशिप आहे, फी माफ आहे आणि राहण्याजेवणाचे पैसे मिळतात. त्याचा पहिला हप्ता परवा हाती पडला, आणि या बाईनं आधी बापाच्या चपला घेतल्या. पुस्तकं बाजूला. मी रागावून पत्र लिहायला बसले होते तिला, आणि लिहिते आहे तुम्हाला. पिशवीत तिची चिठ्ठी आहे. लिहिते, आई, पेल्याचा काठ दुमडलाय, ओठाला लागतो, इथे भांडी हरवतात, घरीच ठेव. पुढे लिहिते, आम्ही हप्ता घ्यायला गेलो तर कारकून ओरडत होता, स्कॉलरशिपवाले एका बाजूला व्हा, स्कॉलरशिपवाले भिंतीला लागा. मी म्हटलं, सर, नाव घ्या ना, नाव आहे मला. तर सगळे हसले आणि तोही हसला आणि मग त्यानं नावं घेतली.

हे वाचलं. दुसरी आई असती तर अभिमान वाटला असता. मला पहिलं आलं मनात ते हे की कारकुनानं डूख धरला आणि पुढचा हप्ता अडवला तर? आणि दुसरं आलं ते तुमचं तोंड. तेव्हापासून एक काम धड नाही. वरण लागलं. निवडलेल्या तांदळात न निवडलेले मिसळले. दोनदा विहाराकडे निघाले आणि दोनदा कोपऱ्यावरून माघारी आले. मेलेला माणूस कुठे बसून वाट बघत नसतो, आत्मा म्हणून काही मागे उरत नाही, हे मी दर रविवारी ऐकते आणि मानते. तरी लिहिते आहे. एक गोष्ट मी तुमच्या वतीनं करून बसले आहे आणि ती तुम्हाला विचारलेली नाही.

आधी बहात्तरच्या दुष्काळाचं लिहिते, कारण सगळं तिथून निघतं. तलावाचं काम चालू आहे, जळकोटच्या रस्त्याला, आपल्या गावापासून कोसभर. तुम्ही आमच्या टोळीचे मुकादम. मी मॅट्रिक झालेली सून. तुम्ही पाच गावं हिंडून, "मला शिकलेलीच पाहिजे" म्हणत शोधून आणलेली. आणि मी पाटीत मुरूम भरून बांधावर टाकते आहे. पाण्याचा पिंप बैलगाडीवर येतो. बाकीच्यांना पाणक्या तांब्या देतो. आपल्या लोकांना वरून ओततो, हातभर वरून, ओंजळीत. ऊन असं की जीभ टाळूला चिकटलेली. मी ओंजळ केली, प्यायले, मग माझ्याच ओंजळीतून पोरीला पाजलं. तुम्ही लांबून बघत होतात. 

संध्याकाळी मी चुलीपुढे रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकर थापते आहे. ती थापताना तुटायची, म्हणून माझं सगळं लक्ष तिच्यात. तुम्ही उंबऱ्यावर बसून, चुलीकडे न बघता म्हणालात, "पाणी मागायचं तर भांडं म्होरं करायचं. वंजळ न्हाई करायची. वंजळ केली की देणारा वरूनच वततो."

"तहान लागली होती, मामा."

"मला बी लागली व्हती."

एवढंच. तुम्ही त्या दिवशी सबंध दिवस पाणी प्यायला नव्हतात हे मला तेव्हा कळलं. भाकर तव्यावर करपली आणि तुम्ही तीच मागून घेतलीत. मला त्या रागावण्याचा लई राग आला होता, आज सांगते. एवढाली पोर, तिला काय कळतंय भांडं आणि ओंजळ? पण बाजारच्या दिवशी तुम्ही उदगीरला गेलात आणि पेला घेऊन आलात. आठवड्याच्या पगारात धान्यच जास्त, पैसे ते किती. मी किंमत विचारली, हिशेबात लिहायची म्हणून. तुम्ही म्हणालात, "हे नगं लिहू." दुसऱ्या दिवशी पोर पिंपाजवळ गेली आणि दोन्ही हातांनी पेला पुढे धरून उभी राहिली. पाणक्या हातात तांब्या घेऊन तिच्याकडे बघतो आहे. ती त्याच्याकडे बघते आहे, न हलता, मान वर करून. मागची माणसं ओरडायला लागली, "अरं वत की, का मुहूर्त बघून राहिलास?" मग त्याला वाकावं लागलं. पोर बुटकी, पेला खाली. तो वाकला आणि त्यानं ओतलं. तुम्ही तोंड फिरवून विडी पेटवलीत.

आणि हजेरीचं. हजेरी घेणारा कारकून नावं पुकारायचा ती जातीसकट. आधी जात, मग नाव. पगाराच्या दिवशी गावंच्या गावं ऐकायची. तुम्ही त्याच्यापुढे जाऊन म्हणालात, "सायेब, नुसतं नाव घ्या. माणूस आला का न्हाई येवढंच सरकारला पाहिजे न्हवं?" तो हसून म्हणाला, "मुकादम, तुला काय टोचतंय रे?" तुम्ही म्हणालात, "मला एकट्याला न्हाई टोचत. त्यान्ला बी टोचतंय," आणि हनुवटीनं दाखवलंत. तिकडे आपल्या गावचे पाटील उभे होते, उपरण्यानं अर्धं तोंड झाकून. त्यांच्याही विहिरीचा तळ दिसला होता, तेही खडी फोडायला आले होते. 'पाटील' म्हणून नाव पुकारलं की ते जमिनीत जाऊ बघायचे, कारण खडीच्या ढिगावरून कोणीतरी हळूच म्हणायचंच, "या पाटील, बसा पाटील, हातोडी घ्या पाटील." त्या दिवसापासून नुसती नावं. पाटीलही नाही आणि आपलंही नाही. तेव्हा मला हे एवढं मोठं वाटलं नव्हतं. काम मिळतंय, बाकी काय करायचंय, असं वाटलं होतं.

पाऊस पडला त्या वर्षी तुम्ही गेलात. आम्ही लातूरला आलो. तुमचा लेक डाळ मिलमध्ये लागला, अजून तिथेच आहे, पोती उचलतो. मी घर चालवते आणि पै पै लिहून ठेवते. पोर दर वर्षी वर जात गेली. नांदेडला नंबर लागला त्या दिवशी आम्ही दोघं जेवलोच नाही, आनंदानं नव्हे, फीचा आकडा ऐकून. कॉलेजात सांगितलं, सगळं सरकार भरेल, काळजी करू नका, फक्त जातीचा दाखला दिवाळीच्या आत आणून द्या. नाही आणला तर पूर्ण फी भरा किंवा जागा सोडा. मला वाटलं, दाखल्याचं काय, आणू.

मामा, तुम्ही दीक्षा घेऊन नागपूरहून आलात तेव्हा आधी घरातले देव विहिरीत सोडलेत आणि मग शाळेत गेलात, असं सासूबाई सांगायच्या. मास्तरांपुढे बसून लेकाच्या नावापुढचं ते जुनं नाव खोडायला लावलंत आणि बौद्ध लिहून घेतलंत. मास्तरांनी एक रेघ मारली तर तुम्ही म्हणालात, "अजून मारा. दिसून राहिलंय." खालचं काही दिसेना झालं तेव्हा उठलात. ही गोष्ट आपल्या घरात सणाला सांगायची गोष्ट आहे. तुमचा लेक अजून हातवारे करून सांगतो. पण दाखल्याच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, नुसतं बौद्ध लिहून भागत नाही. धर्म बदलायच्या आधी कोण होता त्याचा पुरावा पाहिजे. सवलत त्याच्यावर आहे." शाळेचा उतारा दाखवला. त्यानं तो उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला. "खाली काय होतं ते वाचता येत नाही. कोणी खोडलं हे असं?"

मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी."

"लई जोरात खोडलं."

मग उस्मानाबादच्या जुन्या दप्तरात काही सापडेल का म्हणून विचारलं. तर लातूर आता वेगळा जिल्हा. कचेरीत टेबलं नवी, खुर्च्या कमी, आणि भिंतीला लागून पोत्यांत बांधलेली दप्तरं. त्याच पोत्यांवर बसून माणसं डबे खात होती. साहेब चांगला होता, बसा म्हणाला, पण बसायला काही नव्हतं. म्हणाला, "तुमचं गाव आमच्याकडे आलंय, पण तुमच्या गावचे कागद आले नाहीत. तिकडे विचारलं तर म्हणतात पाठवले." शेवटी त्यानंच वाट सांगितली. गावात चौकशी करायची. दोन जुन्या जाणत्या माणसांनी, आपल्या समाजाबाहेरच्या, तलाठ्यापुढे तोंडानं सांगायचं की हे घर पूर्वी कोण होतं. तलाठी लिहून घेईल. त्यावर दाखला मिळेल.

मी घरी येऊन तुमच्या लेकाला सांगितलं. ते बराच वेळ हाताचे घट्टे खरवडत बसले. मग म्हणाले, "मिलमधी खाडा धरतील. तू जा." मी म्हटलं, खाड्याचे पैसे मी काढते घरखर्चातून, तुम्ही चला, तुमचं गाव आहे. तर म्हणाले, "मला ते ऐकायचं न्हाई. तू जा."

म्हणून मी गेले. चावडीच्या पायऱ्यांवर माणसं जमली होती, बसायला सावली तिथेच. तलाठी पोरगेला, नायगावकडचा, सायकलवर आला, घाम पुसत. पहिले सुतारबाबा. त्यांना विचारलं, हे घर पूर्वी कोण? त्यांनी बाजारात भाजी काय आणली ते सांगावं तसं सांगून टाकलं, सही केली आणि तंबाखू मळायला लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते नाव मी इतक्या वर्षांनी उघड्यावर ऐकलं. पायरीवरून कोणीतरी बोललंच, "तवा नगं म्हणत व्हते, आता पाहिजे झाली व्हय?" दोघं-तिघं हसले. मी पदर सारखा केला. पोरीची जागा डोळ्यांपुढे धरून बसले.

मग पाटील आले. काठी टेकत, दोन ठिकाणी थांबत. लई थकलेत. त्यांना ते हसणं ऐकू गेलं होतं. म्हणाले, "कोण बोललं रं? तुझ्या बापानं बी माझ्या संगट खडी फोडलीया. गप बस." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मुकादमाची सून का? पोर डॉक्टर व्हणार म्हणं. चांगलं झालं." तलाठ्यानं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिही तू. मी सही करतो."

"काय लिहू, पाटील?"

"तुला ठावं हाय की. आताच सुतारानं सांगितलं न्हवं?"

"ते त्यांचं झालं. तुमचा जबाब तुमच्या तोंडचा पाहिजे."

"तोंडानं न्हाई म्हणायचो मी."

तलाठी गोंधळला. त्याला वाटलं म्हातारा अडवून राहिला आहे, जुनं वैर असेल. मलाही तसंच वाटलं. एकेकाळी मयताचा सांगावा घेऊन जायला तुम्ही त्यांना नकार दिला होतात, त्यावरून आपल्या वस्तीचं पाणी बंद झालं होतं, ते मला ऐकून माहीत होतं. तलाठी जरा आवाज चढवून म्हणाला, "पाटील, सरकारी काम आहे. पोरीचं नुकसान होईल."

पाटील काठीवर हनुवटी टेकून बसले. म्हणाले, "मुकादमाला वचन दिलंय. तळ्याचं काम उठलं त्या रोजी, खडीच्या ढिगामागं. त्यानं माझं पाटीलपण झाकलं चार लोकांत, तवा मी म्हटलं, तुझ्या घराला त्या नावानं माझ्या तोंडून पुन्हा हाक जाणार न्हाई. तो म्हणला, बघा हं. म्हटलं, बघ. आता तो न्हाई, म्हणून मी बोलू व्हय?"

मामा, हे तुम्ही घरी कधी सांगितलं नाहीत. पेल्याची किंमत सांगितली नाहीत तसंच हेही नाही.

 तलाठी वहीवर पेन धरून बसला होता. पुन्हा म्हणाला, "असं कसं, पाटील? मी ऐकल्याशिवाय लिहू कसा?" पाटील म्हणाले, "न्हाई." कोणीतरी समजावलं, "अहो, तिचं भलंच हाय त्यात." पाटील म्हणाले, "न्हाई म्हणलं न्हवं?" गावात दुसरं तेवढं जुनं माणूस उरलेलं नाही. दिवाळी जवळ आली होती. तुम्ही जे मिळवलं होतं तेच तुमच्या नातीच्या वाटेत आडवं येऊन बसलं होतं, काठी टेकून.

शेवटी मीच उठले. त्यांच्यापुढे जाऊन म्हणाले, "पाटील, मी त्यांची सून. त्यांच्या लेकानं मला पाठवलंय. त्यांच्या वतीनं मी तुम्हाला वचनातून मोकळं करते. पोरीसाठी एकदा बोला, आणि पुन्हा कधी बोलू नका."

पाटील म्हणाले, "बाई, उद्या तो भेटला म्हंजे काय सांगू मी त्याला?"

"सुनेनं सोडवलं म्हणून सांगा."

त्यांनी डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. तलाठ्याच्या कानाशी वाकले आणि बोलले, इतकं हळू की मलाही ऐकू आलं नाही. तलाठ्यानं लिहिलं. त्यांनी सही केली, रुमाल डोक्याला न बांधता हातातच घेऊन उठले, आणि काठी टेकत गेले. पाटलांच्या घरून मला चहा आला, त्यांच्या रोजच्या कपबशीत. मी घेतला. गार झालेला होता.

दाखला मिळाला. दिवाळीच्या आत पोचला. पोरीला मी एवढंच सांगितलं की गावच्या लोकांनी मदत केली. तुमच्या लेकानं दाखला हातात घेतला नाही, म्हणाले, लिफाफ्यात घाल आणि डिंक लाव. स्कॉलरशिप लागली, पोर शिकते आहे, चपला आल्या, पातळ आलं. सगळं बरोबर झालं आहे आणि मला बसवत नाही. विहारात पाठ म्हणताना मधली ओळ हरवते. हे जे मी करून आले, ते ओंजळ करणं होतं की भांडं पुढे धरणं? कधी वाटतं, सरकारचं पाणी आहे, हक्काचं आहे, नातीनं पेला धरला आणि कारकुनाला वाकून नाव घ्यावं लागलं, तुम्हाला आवडलं असतं. कधी वाटतं, तिचा पेला भरावा म्हणून मी तुमच्या नावानं त्या म्हाताऱ्यापुढे ओंजळ करून आले. एक वाटून संपत नाही तोवर दुसरं वाटतं. पेला समोर ठेवला आहे. काठ दगडानं ठोकून सरळ करायला घेतला होता, मग वाटलं, जास्त ठोकलं तर चिरेल.

आणि एक सांगायचं राहिलं. पाटील पहिल्यांदा न्हाई म्हणाले, वचनाचं बोलले, तेव्हाच मी उठून त्यांना मोकळं करू शकत होते. मला लगेच सुचलं होतं. मी उठले नाही. तलाठ्यानं पुन्हा विचारू दे, त्यांनी पुन्हा न्हाई म्हणू दे, असं मनात धरून बसले. सगळ्या गावापुढे, त्या पायऱ्यांवर, पाटलांच्या तोंडून ते निघत नाही, हे ऐकत बसले. पोरीची जागा गेली तरी चालेल इतकं, त्या घटकेला, बरं वाटलं. त्यात माझी परतीची गाडी चुकली आणि तिकिटाचे पैसे गेले. ते मी हिशेबात 'इतर' म्हणून लिहिले आहेत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, मला कळतं. तरी आमचा पत्ता लिहिते, डाळ मिलच्या मागची चाळ, शेवटची खोली. तुम्हाला सहीपुरतंच लिहिता येत होतं. तेव्हा बरोबर केलं असेल तर नुसती सही करून, चुकलं असेल तर कोरं कार्ड, पण उलट टपाली धाडा.